गंधारावर इस्त्री नको

दरबारी रागातला कोमल गंधार एका जागी उभा राहत नाही. रिषभाच्या अंगाने तो वर येतो, आपल्या जागेच्या किंचित खाली झुलतो आणि पुन्हा रिषभाकडे कलतो. किती खोल झुलायचं, किती सावकाश, कुठल्या झोक्यावर सोडायचं, हे कागदावर उतरत नाही. ते कानाने घ्यावं लागतं आणि गळ्यावर चढायला वर्षं जातात. दरबारी तानसेनाचा मानला जातो आणि तानसेनाची कबर आमच्या गावात, हजिऱ्याला, महंमद गौसाच्या मकबऱ्याच्या आवारात आहे. या गंधाराची काळजी ग्वाल्हेरने करायची नाही तर कुणी करायची?

ख्यालाची पक्की तालीम घेतलेले बरेच गायक आता दरबारी, मालकंस, भैरवी, अभंग, ठुमरी असं सगळं घेऊन नव्या साजातले अल्बम काढतात. मागे गिटार, कीबोर्ड, ड्रम्स, कधी व्हायोलिनचा मोठा ताफा. त्यांतल्या कित्येक मुद्रणांत हा गंधार झुलत नाही. तो दोन पायऱ्यांवर उड्या मारतो, नाहीतर सुतासारखा सरळ उभा राहतो. गायकाने तो तसा लावलेला नसतो. गाऊन झाल्यावर, संगणकावर तो तसा केला जातो, आणि अल्बमवर त्याचा कुठेही उल्लेख नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. शास्त्रीय गायक म्हणून ज्याच्या नावावर अल्बम विकला जातो, त्याचा स्वर यंत्राने सरळ केला असेल तर ते अल्बमवर छापलं पाहिजे. आणि सरकारी किंवा संस्थेच्या पैशातून जे मुद्रण होतं, त्यात असली दुरुस्ती मुळीच होऊ नये. हा प्रश्न चार जाणकारांच्या आवडीनिवडीचा नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरातला मुलगा आज निम्मं गाणं गुरूसमोर शिकतो आणि निम्मं मोबाइलवर ऐकून. गुरू आठवड्यातून दोनदा भेटतो, मोबाइल रोज. त्या मोबाइलमधला गंधार खोटा असेल तर त्याच्या कानात खोटा गंधारच मुरणार.

सरमिसळीला विरोध करायचा असता तर ग्वाल्हेरच्या माणसाने तो करूच नये. पंजाबातल्या लोकगाण्यातून आलेला टप्पा इथल्या गवयांनी ख्यालाच्या पंगतीला बसवला, आणि आज टप्पा ही ग्वाल्हेरची खूण समजली जाते. इथल्या निसार हुसेन खाँकडे शिकलेल्या रामकृष्णबुवा वझ्यांनी नाटकांना चाली दिल्या. त्यांची तालीम मास्टर दीनानाथांना मिळाली आणि त्या गळ्याने नाट्यसंगीताला वेगळीच धार आणली. ग्वाल्हेर गायकीचे द. वि. पलुस्कर आणि इंदूरचे अमीर खाँ यांनी १९५२ साली ‘बैजू बावरा’ या चित्रपटात एकत्र गायलं. पुढे देवासला राहून कुमार गंधर्वांनी माळव्याची लोकगीतं आणि कबीराची निर्गुणी भजनं मैफलीत आणली. भीमसेन जोशींचे अभंग ऐकून ख्यालाकडे वळलेले श्रोते मराठी मुलखात हजारोंनी सापडतील. अगदी अलीकडे आनंद भाटे, महेश काळे आणि राहुल देशपांडे या तिघांनाही पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो चित्रपटातल्या रागदारीसाठीच. गाणं असंच वाढत आलंय.

बंदी घालून ते थोपवताही येत नाही. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली. कारण दिलं ते चुकीचं नव्हतं: पेटीचे स्वर टेम्पर्ड, म्हणजे सारख्या अंतरावर बांधलेले, आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, निघत नाही. तरी पेटी घराघरांत वाजतच राहिली. १९५२ नंतर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असताना रेडिओवरून चित्रपटगीतं हद्दपार झाली. लोकांनी रेडिओ सिलोन लावला, आणि १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. त्यामुळे बंदीची मागणी मी करणार नाही. गायकाने काय गावं हे त्याने ठरवावं. त्याने जे गायलं तेच श्रोत्यापर्यंत पोहोचावं, इतकंच माझं मागणं.

ते का पोहोचत नाही, हे समजण्यासाठी असा अल्बम कसा तयार होतो ते बघावं लागेल. जुन्या मुद्रणात गायक, तंबोरे, तबला, पेटी एका खोलीत बसत. आता सुरुवात गायकापासून होतच नाही. संयोजक लॅपटॉपवर आधी साचा बनवतो: लयीचा एक आकडा पक्का, कॉर्डची मालिका पक्की, ४४० हर्ट्‌झच्या ‘ए’ या पाश्चात्त्य स्वराला धरून सगळी वाद्यं कीबोर्डच्या पट्टीत. मग गायकाला हेडफोन देतात. कानात क्लिक, म्हणजे लयीची यांत्रिक टिकटिक, वाजत असते. तो आठ-दहा वेळा गातो, त्यातले बरे तुकडे वेचून एक ‘गाणं’ जोडतात. त्यावर स्वरदुरुस्ती, मग मिश्रण, शेवटी मास्टरिंग, म्हणजे आवाजाची अंतिम पातळी बसवणं. प्रत्येक पायरीवर काहीतरी सांडतं.

सगळ्यात जास्त सांडतं ते स्वरदुरुस्तीत. ऑटोट्यून हे स्वरदुरुस्तीचं सॉफ्टवेअर १९९७ साली बाजारात आलं. त्याचं काम सोपं आहे. गळ्यातून आलेला स्वर मोजायचा, जवळची कीबोर्डवरची पट्टी कोणती ते बघायचं आणि स्वर तिथे ओढायचा. सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप; दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट. कोमल गंधार ३०० सेंटवर, शुद्ध रिषभ २०० वर. दरबारीचा गंधार झुलत २५० च्या खाली गेला की यंत्र त्याला रिषभ समजतं, वर आला की पुन्हा गंधार. झोक्याच्या जागी जिना तयार होतो.

यावर स्टुडिओतलं ठरलेलं उत्तर असतं: आम्ही स्वर ओढण्याचा वेग शून्यावर ठेवत नाही, चाळीस-पन्नास मिलिसेकंदांवर सौम्य ठेवतो, कळतसुद्धा नाही. पाश्चात्त्य गळ्याला ते लागू पडतं. तिथला व्हायब्रॅटो, म्हणजे स्वराचा कंप, सेकंदाला साधारण पाच-सहा वेळा हलतो, म्हणजे एक हेलकावा पावणेदोनशे मिलिसेकंदांच्या आसपास. सौम्य दुरुस्ती त्याचा काही भाग तरी शिल्लक ठेवते. आपलं आंदोलन, म्हणजे स्वराचा हा झोका, त्याच्या कितीतरी पट संथ असतं. यंत्राला प्रत्येक झोक्यात स्वर ओढून सरळ करायला भरपूर वेळ मिळतो. त्यामुळे ज्या सेटिंगवर इंग्रजी गाणं नैसर्गिक वाटतं, त्याच सेटिंगवर दरबारीचा गंधार, भैरवचा रिषभ, मियाँ मल्हारातला गंधार इस्त्री केल्यासारखे सपाट होतात. मेलोडाइनसारख्या स्वरदुरुस्तीच्या साधनात तर ‘पिच ड्रिफ्ट’ नावाची कळच आहे. संथ सरकणं ही चूक, असं धरूनच ती बनवलेली आहे. आपल्याकडे संथ सरकणं म्हणजे मींड. ती काढली तर राग कशावर उभा राहणार?

तानांचं आणखी वेगळं. तीनतालाची लय मिनिटाला १६० मात्रा आणि तान चौगुणीत, म्हणजे मात्रेला चार स्वर, असेल तर सेकंदाला जवळपास पावणेअकरा स्वर होतात. म्हणजे एका स्वराच्या वाट्याला फार तर ९४ मिलिसेकंद. यंत्र स्वर ओळखून ओढायला लागेपर्यंत पुढचा स्वर आलेला असतो, त्यामुळे तो अर्धवट ओढलेलाच राहतो. टप्प्यातल्या मुरक्या आणि जमजमे, म्हणजे स्वरांच्या चपळ बारीक हरकती, यात पार विरघळतात. वर अडीच सेकंदांचा रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) घातला की पंचवीसहून जास्त स्वर एकमेकांवर सांडतात. ऐकणाऱ्याला तान ‘घसरगुंडी’सारखी वाटते, आणि दोष मात्र गवयाच्या खात्यात जमा होतो. ग्वाल्हेरची तान दाणेदार म्हणून नावाजलेली. तिचे दाणेच पुसले तर तिचं वेगळेपण उरतं कुठे?

दुसरं भांडण कीबोर्डचं. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरू. तंबोऱ्याच्या जोडीचा षड्ज १३८.६ हर्ट्‌झ. त्या तारेतून पाचपट कंपनांचा सहाय्यक नाद निघतो तो ६९३ हर्ट्‌झ. हाच तो स्वयंभू गंधार. जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला येणारा झंकार, नीट लागली की खोलीभर ऐकू येतो आणि गवई आपला गंधार त्यावर टेकवतो. कीबोर्डचा शुद्ध गंधार १७४.६ हर्ट्‌झचा, त्याच्या चौपट ६९८.५. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला साडेपाच ठोके पडतात. सेंटमध्ये बोलायचं तर स्वयंभू गंधारापेक्षा कीबोर्डचा गंधार १४ सेंट चढा, शुद्ध धैवत १६ सेंट चढा, शुद्ध निषाद १२ सेंट चढा. कोमल गंधार उलट १६ सेंट उतरता. पंचमात फरक फक्त २ सेंटांचा, तो कुणाला खुपत नाही.

आता गवयाची अवस्था बघा. हेडफोनमध्ये कीबोर्ड मोठा, तंबोरा बारीक. तो हळूहळू कीबोर्डच्या गंधाराकडे सरकतो. मध्येच तंबोरा कानावर आला की परत आपल्या जागी येतो. मग तंत्रज्ञ म्हणतो, बुवा, स्वर हलतोय, थोडं ट्यून करून घेऊ. हलवला तो त्यांच्याच मांडणीने.

यावर इलाज आहे आणि तो फुकट आहे. आजच्या बहुतेक चांगल्या कीबोर्डमध्ये आणि संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पट्टी सेंटांत वर-खाली करायची सोय असते. षड्ज ठरला की गंधार उणे १४, धैवत उणे १६, निषाद उणे १२, कोमल गंधार अधिक १६, कोमल धैवत अधिक १४, अशी पट्टी बसवायची. कोमल निषाद रागावर अवलंबून. तो गायकालाच विचारून लावायचा. आपल्याकडे ‘गांधार ट्यूनिंग’ची पेटी याच तत्त्वावर करतात, फक्त तिथे सूर घासून बसवावे लागतात. अट एकच: गाण्यात मध्येच पट्टी बदलायची नाही, कारण ही मांडणी एकाच षड्जाला खरी असते. ज्या संयोजकाला दर कडव्याला अर्धी पट्टी चढवायची हौस आहे, त्याने आधी निवड करावी, रागाची किंवा पट्टी चढवण्याची.

कॉर्डचा गोंधळ तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळेल असा आहे. मालकंसात रिषभ आणि पंचम नाहीत. तंबोराही पंचमाऐवजी मध्यमात लावतात. आणि त्याच मालकंसाखाली गिटारवाला षड्ज-पंचमाची दणदणीत कॉर्ड धरतो, कारण त्याच्या हाताला तीच सवय. मारव्यात पंचम वर्ज्य आणि षड्जावर ठाण मांडायचं नाही, हेच रागाचं सगळं सौंदर्य. त्याखाली सा-ग-प ची कॉर्ड आली की मारव्याची तगमग तिथेच संपते. गिटार नकोच असं मी म्हणत नाही. मालकंसात षड्ज-मध्यम धरा, जिथे शंका वाटेल तिथे गंधार गाळून नुसते दोन स्वर धरा, बेस गिटारला गायकाच्या न्यासाच्या, म्हणजे विसाव्याच्या, स्वरावर थांबू द्या. संयोजकाने साचा करायला घेण्याआधी गायकाबरोबर तासभर बसून वर्ज्य स्वर, न्यास आणि रागाचं चलन लिहून घेतलं, तर निम्मे घोटाळे तिथेच मिटतील.

लयीबद्दल. बंदिश मिनिटाला १६० मात्रांवर सुरू होते आणि शेवटी १८०, कधी २०० वर पोहोचते. ही वाढ म्हणजे गाण्याचा श्वास आहे. क्लिक तो श्वास बांधून टाकते. गायक समेवर येताना मुद्दाम क्षणभर रेंगाळतो, तबलजी ते ओळखून ठेका देतो, ही देवघेव हेडफोनमधल्या टिकटिकीशी होऊ शकत नाही. पर्याय असा की तंबोरा, तबला आणि गळा आधी एकत्र मुद्रित करायचे, क्लिकशिवाय. मग संगणकावर प्रत्येक समेला एक खूण करायची. १६० च्या लयीत तीनतालाचं आवर्तन ६ सेकंदांचं. पाच मिनिटांच्या गाण्यात साधारण पन्नास खुणा होतात. लय वाढत गेली तर थोड्या जास्त. तासाभराचं काम. या खुणांवर ड्रम्स, कीबोर्ड, व्हायोलिन सगळं मागाहून बसवता येतं. म्हणजे वाद्यमेळ गायकामागे चालतो. हा क्रम एवढा एक पाळला तरी अल्बमचा नूर पालटेल.

वेळेची सबब मला पटत नाही. ‘आता तीन-चार मिनिटांपलीकडे कुणी ऐकत नाही’ हे नेहमीचं रडगाणं आहे. ७८ गतीच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. त्यात पलुस्करांनी राग उभे केले, अब्दुल करीम खाँनी केले. आजच्या गाण्यांची घाई वेगळ्या कारणाने होते: स्पॉटिफायसारख्या ठिकाणी ३० सेकंद ऐकल्यावरच ते ऐकणं मोजलं जातं. म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात मुखडा, ढोल, सगळं कोंबायचं. पण त्याच ३० सेकंदांत तंबोऱ्यावर एक स्वच्छ आलाप बसतो. तेवढ्यात श्रोता धरून ठेवता येत नसेल तर ढोलाने किती वेळ धरणार?

मुद्रणाच्या काही साध्या गोष्टी आहेत, त्यांकडे दुर्लक्ष होतं म्हणून मुद्दाम लिहितो. पुरुष गळ्यावर १०० हर्ट्‌झखालचं सगळं कापायची स्टुडिओत सवय असते, घरघर जावी म्हणून. काळी एकमध्ये मंद्र पंचम १०४ हर्ट्‌झवर आणि खर्जाचा षड्ज ६९ वर. म्हणजे गायक खर्जात उतरला की आवाजाचा पायाच कापला जातो, आणि तंबोऱ्याच्या चौथ्या तारेचंही तेच होतं. कापायचंच तर ५० च्या खाली कापा. माइक सुगम गायकासारखा तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवला तर खुल्या ‘आ’कारातली तान कर्कश येते. तिथे दीड-दोन वीत अंतर हवं, आणि माइक किंचित तिरका. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) दोनास एकच्या प्रमाणात, तीन-चार डेसिबलांहून जास्त दाबायचं नाही. तंबोरा ॲपमधला न घेता खरा, घोडीसमोर हातभर अंतरावर माइक ठेवून, निदान दहा मिनिटं सलग मुद्रित केलेला. चार-पाच सेकंदांचा तुकडा गिरवत राहिला तर कान तो पाचव्या मिनिटाला ओळखतो, नाव सांगता आलं नाही तरी.

आणि शेवटचा आरडाओरडा. लफ्स हे आवाजाच्या मोठेपणाचं माप. स्पॉटिफाय सगळी गाणी उणे १४ लफ्सच्या आसपास आणून वाजवतं, ॲपल म्युझिक उणे १६ च्या आसपास. तुम्ही मास्टर उणे ८ वर चेपून दिलं तर ते स्पॉटिफायवर ६ डेसिबल खाली आणलं जातं. मोठं तर वाजत नाहीच, उलट आलापातली हलकी जागा आणि तानेतली उसळी एकाच पातळीवर चेपलेली राहते. त्यापेक्षा उणे १६ वर मोकळं ठेवलेलं मास्टर सगळीकडे बरं वाजतं.

पाश्चात्त्य देशांतल्या ‘क्लासिकल क्रॉसओव्हर’चा दाखला नेहमी दिला जातो. १९९० च्या जुलैत रोममध्ये पावारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास या तिघांनी एकत्र गायलं तेव्हापासून तो बाजार फोफावला. पुढे आंद्रेआ बोचेल्लीसारख्यांनी तो घरोघर नेला. दाखला जरूर घ्यावा, पण पुरता. तिथला ऑपेरागायक टेम्पर्ड स्केलच्या शेजारीच वाढलेला असतो, त्यामुळे वाद्यवृंद त्याच्या स्वराशी भांडत नाही. आपल्या गवयाशी भांडतो. तिथला गळा माइकशिवाय थिएटर भरेल असा घडवलेला, ३००० हर्ट्‌झच्या आसपास त्याचं बळ एकवटलेलं. त्याच्या तोंडाला माइक लावला की तो बोचतो, मग तंत्रज्ञ तेच बळ कापतात आणि आवाज बोथट होतो. बैठकीत माइकशिवाय गाणाऱ्या ग्वाल्हेर परंपरेच्या खुल्या गळ्याचंही स्टुडिओत असंच होतं. म्हणून तो दाखला आपल्याला सावध करणारा आहे. आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी: बिलबोर्डच्या याद्यांत पारंपरिक शास्त्रीय आणि क्रॉसओव्हर यांची नोंद वेगवेगळी होते. हातात काय पडतंय ते गिऱ्हाइकाला आधी ठाऊक असतं.

आपल्याकडे हे ठाऊक करून देण्याची चाल जुनी आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानने गायलं तेव्हा रेकॉर्डच्या शेवटी तिने स्वतःचं नाव सांगितलं, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापायला जायच्या आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावं लागे. आज त्याच प्रामाणिकपणाने पाच गोष्टी अल्बमवर याव्यात: गायकाची पट्टी, तंबोरा खरा की यंत्राचा, लय मोकळी की क्लिकवर, गाणं सलग की जोडलेलं, स्वरदुरुस्ती केली की नाही, केली तर कुठे. दोन ओळींचा मजकूर आहे.

गायक मंडळींची अडचण मला समजते. करार कंपनीच्या बाजूने झुकलेले असतात, मिश्रण त्यांना न दाखवताच बाहेर पडतं. म्हणून करारातच एक कलम घालून घ्यावं: आलाप, मींड आणि आंदोलनाच्या जागांना गायकाच्या लेखी संमतीशिवाय हात लावायचा नाही. एखादा स्वर खरोखरच घसरला असेल तर तेवढं आवर्तन पुन्हा गावं. पूर्ण आवर्तन बदलणं मला गैर वाटत नाही, अक्षर-अक्षर जोडणं वाटतं. तेही शक्य नसेल तर तो स्वर त्याच्या आतल्या हालचालीसकट अखंड वर-खाली सरकवावा. मेलोडाइनमध्ये ते होतं. ड्रिफ्टच्या कळीला बोट लावायचं नाही.

‘सुगम गाण्यात एवढी श्रुतीची चिकित्सा कशाला?’ असं विचारणारे आहेत. सुगम गायकाचा सुगम अल्बम असेल तर माझी तक्रार नाही. जिथे मुखपृष्ठावर गायक तंबोरा घेऊन बसलेला असतो, घराण्याचं नाव छापलेलं असतं, आणि विद्यार्थी तो अल्बम राग शिकण्यासाठी ऐकतो, तिथे चिकित्सा होणारच.

ग्वाल्हेरला युनेस्कोने २०२३ साली संगीताचं शहर म्हणून मान दिला. पुढच्याच वर्षी तानसेन समारोहाची शंभरी झाली. १९१८ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने आणि माधवराव शिंद्यांच्या पाठबळाने सुरू झालेलं माधव संगीत महाविद्यालय इथे आहे, त्याच्याही आधी, १९१४ साली, कृष्णराव शंकर पंडितांनी काढलेलं विद्यालय इथलंच, आणि राजा मानसिंह तोमरांच्या नावाचं संगीत विद्यापीठही इथे. एवढ्या संस्था ज्या गावात आहेत, तिथे ध्वनिमुद्रण हा गवयाच्या अभ्यासक्रमाचा भाग हवा. पदवीला एक सत्र पुरे: माइक कुठे ठेवायचा, कीबोर्डची पट्टी सेंटांत कशी बसवायची, समेच्या खुणा कशा करायच्या, करार कसा वाचायचा. आणि समारोहासारख्या सरकारी मंचावरच्या गाण्याचं जे मुद्रण लोकांसमोर येईल, ते दुरुस्तीशिवाय, मोकळ्या लयीत, वर सांगितलेल्या पाच गोष्टींच्या नोंदीसह यावं.

तोवर वर्गात एक गोष्ट उद्याही करता येईल. प्रात (Praat) नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते आवाजाच्या कंपनसंख्येचा आलेख काढतं. दरबारीचा असा तुकडा निवडायचा ज्यात फक्त तंबोरा आणि गळा आहे, कारण मागे तबला किंवा कीबोर्ड असला की आलेख तुटक येतो. आधी गायकाचा षड्ज शोधायचा; जुन्या तबकड्यांत गती कमी-जास्त असल्याने तो काळी एकवर नेमका सापडेलच असं नाही. षड्ज १३८.६ असेल तर १५६ वर रिषभाची आणि १६६ वर कोमल गंधाराची रेघ आखायची, आलेखाची मर्यादा ६५ ते ५०० ठेवायची. जुन्या मुद्रणातला गंधार या दोन रेघांमध्ये गोलाई घेत झुलताना दिसेल. मग नव्या अल्बममधला तोच स्वर त्याच कागदावर काढायचा. तो १६४.८ वर पाटीसारखा सपाट पडला, किंवा १५५.६ आणि १६४.८ यांच्यात काटकोनात उड्या मारू लागला, तर ते आकडे गळ्याचे नव्हेत, कीबोर्डचे आहेत. मुलांना दोन्ही आलेख शेजारी लावून दाखवायचे, आणि मग तंबोरा जुळवून त्यांच्याकडून तो गंधार म्हणवून घ्यायचा.